खाली तारीख हाय

आत्महत्या झालेल्या घरातला फोटो कसा काढायचा हे मराठवाड्यातल्या कुठल्याही वार्ताहराला शिकवावं लागत नाही. पत्र्याच्या घराची भिंत, भिंतीला टेकून बसलेली बाई, डोक्यावर पदर. मांडीवर नवऱ्याचा फ्रेम केलेला फोटो, दोन्ही हातांनी धरलेला. शेजारी लेकरं, त्यातलं धाकटं थेट कॅमेऱ्याकडे बघणारं. ‘ताई, फोटो जरा खाली वाकवा, काच चमकतीय,’ एवढीच काय ती सूचना. बाई फोटो वाकवते. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या पानावर ती दिसते. काही दिवसांनी दुसऱ्या तालुक्यातली दुसरी बाई, तशीच भिंत, तसाच पदर.

मी बीड जिल्ह्यातल्या एका फोटो स्टुडिओवाल्याची मुलगी. त्यामुळे असा फोटो समोर आला की माझी नजर आधी बाईच्या मांडीवरच्या फोटोवर जाते. तो कुठून आला असेल हे मला ओळखू येतं. त्या माणसाचा एकट्याचा धड फोटो बहुतेकदा नसतोच. कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून, नाहीतर निवडणुकीच्या ओळखपत्रावरून चेहरा कापून घ्यायचा, मागं निळा पडदा टाकायचा, अंगात कोट चढवायचा. उभ्या जन्मात कोट न घातलेला माणूस मेल्यावर कोटात भिंतीवर जातो. वडील हे काम ब्रश आणि शिसपेन्सिल घेऊन करायचे, भाऊ आता कॉम्प्युटरवर करतो. तेराव्याच्या आत हवं असतं, म्हणून कायम घाईचं. पैसे दीर देतो, नाहीतर बाईचा भाऊ. जिला पुढं कितीतरी वेळा ती फ्रेम मांडीवर घेऊन बसायचं असतं, तिला कुठली फ्रेम हवी ते विचारायला कुणी येत नाही.

आणि ज्या कामासाठी ती बसते, त्या कामात या फोटोला किंमत शून्य. आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला द्यायची मदत २००६ च्या शासन निर्णयानं एक लाख ठरली: ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. पण त्याआधी प्रकरण ‘पात्र’ ठरावं लागतं. सातबारा कुणाच्या नावावर, कर्ज कुठलं, थकलं होतं का, वसुलीचा तगादा होता का, पंचनाम्यात काय लिहिलंय. यातला एकही कागद बाईच्या हातचा नाही. तिच्या हातात आहे तो कोटातला नवरा.

आमच्या स्टुडिओत बायका हौसेनं आलेल्या मला फारशा आठवत नाहीत. एकदा लग्न जमवायच्या वेळी, मोठ्या बहिणीची साडी नेसून, हातात प्लास्टिकची फुलं धरून. त्यानंतर यायच्या त्या कागदासाठी. राशनकार्ड, बँकेचं खातं, संजय गांधी निराधारचा फॉर्म. सोबतचा पुरुष बाहेर बाकड्यावर बसायचा आणि आतल्या बाईला ‘मान सरळ कर’ असं तिथूनच ओरडून सांगायचा. एका बाईनं वडिलांना विचारलेलं चांगलं लक्षात आहे: ‘काका, निराधारच्या फारमाला टिकली लावलेला फोटू चालंल का?’ वडील म्हणाले, ‘फॉर्मवर टिकलीचा रकाना नाही, बाई. बसा.’ आणि टिकलीसकट फोटो काढला. वडील काही सुधारक वगैरे नव्हते. फॉर्मवर रकाना नाही म्हणजे नाही, इतकं त्यांचं साधं होतं.

एकल महिलांसोबत काम करणाऱ्या एका संस्थेनं केज-धारूरकडच्या डोंगरपट्ट्यात बायकांसाठी फोटोग्राफीचं शिबिर घ्यायचं ठरवलं, तेव्हा मला बोलावलं ते स्टुडिओवाल्याची मुलगी म्हणूनच. काही विधवा, काही टाकलेल्या, काही ऊसतोडीला जाणाऱ्या. श्रावण धरला होता. कारण सरळ आहे: दसरा-दिवाळी झाली की या भागातली गावं रिकामी होतात, बालाघाटावरची माणसं पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या उसाच्या फडांवर जातात आणि उन्हाळा लागेपर्यंत गावात म्हातारी आणि शाळेतली लेकरं उरतात. शिकवायला पुण्याहून एक मुलगा आला होता. मन लावून शिकवणारा, बायकांना ‘तुम्ही’ म्हणणारा. गोळा केलेले जुने स्मार्टफोन होते आणि दोन-चार छोटे डिजिटल कॅमेरे.

पहिली अडचण कुणाच्याच ध्यानीमनी नव्हती. स्क्रीनवरचं पांढरं गोल बटण दाबलं तरी फोटो निघेना. एक बाई दाबतेय, पुन्हा दाबतेय, फोन गार. मुलाला वाटलं फोन बिघडला. त्यानं दाबलं तर लगेच निघाला. मग त्या बाईनं तळहात पुढं केला. कोयत्याच्या मुठीनं अंगठ्याच्या मुळाशी आणि बोटांच्या पेरांवर घट्टे पडलेले, कातडी इतकी निबर आणि कोरडी की स्क्रीनला बोट लागल्याचं कळतच नव्हतं. ‘राशनच्या मशीनला बी माझा अंगठा उमटत नाही,’ ती म्हणाली. ‘दुकानदार म्हणतो, पोरीला घेऊन या.’ शेवटी मी त्यांना फोनच्या कडेचं आवाज कमी-जास्त करायचं बटण दाखवलं. त्यानंही फोटो निघतो. ते खरंखुरं बटण, दाबलं की दबतं. सगळ्यांनी तेच धरलं. एकीला तर ते इतकं आवडलं की नंतर साधं बोट चालायला लागलं तरी ती कडेच्याच बटणानं फोटो काढायची.

दुसरी अडचण उजेडाची. मुलगा सांगायचा, सकाळचा किंवा संध्याकाळचा कलता उजेड धरा, दुपारी चेहरे काळे पडतात. बरोबरच आहे, वडीलही हेच सांगायचे. पण सकाळी शेण, पाणी, भाकरी, शाळेची गडबड. संध्याकाळी शेळ्या, चूल, पुन्हा भाकरी. हात मोकळा होतो तो दुपारी दोनच्या सुमाराला. त्यामुळे या बायकांचे जवळजवळ सगळे फोटो भर दुपारचे आहेत. सावल्या पायाखाली गोळा झालेल्या, पदराखालचे चेहरे अंधारात, आणि मागची पांढरट बरड जमीन डोळ्यांवर येणारी. मला ते फोटो बरे वाटले. मराठवाड्यातल्या बाईचे संध्याकाळच्या सोनेरी उजेडातले फोटो आपण भरपूर पाहिलेत, आणि ते काढणारा माणूस संध्याकाळी मोकळा होता म्हणूनच ते तसे आलेत.

मुलानं पहिला विषय दिला, ‘फोटोतून तुमच्या मनातलं सांगा.’ बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक मावशी म्हणाल्या, ‘मनातलं सांगून काय व्हतंय? वावरातलं सांगते की.’

आणि त्यांनी खरंच वावरातलं सांगितलं. या मावशींचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. दीर-जावेचं शेत लागून. दरसाली नांगरटीच्या वेळी दिराचा ट्रॅक्टर बांध थोडा थोडा खातो. एकदम नाही, नांगराचं एखादं तास, फार तर दोन तासं. ओरडावं तर ‘आगं, बांध तिथंच हाय, तुलाच दिसत नाही.’ मावशींनी काय केलं, तर बांधाजवळच्या एका बाभळीच्या बुंध्याला पाठ टेकवली आणि समोरचा बांध फोटोत घेतला. मग पेरणीनंतर त्याच बाभळीला पाठ टेकवून तसाच. पुढच्या नांगरटीनंतर पुन्हा तसाच. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. एकाच ठिकाणी उभं राहून, ठरावीक काळानं, तेच दृश्य घ्यायचं ही पद्धत हिमनद्या मोजणारे वापरतात, धरणं बांधणारे वापरतात. मावशींना बांध मोजायचा होता, म्हणून त्यांना ती सुचली.

पुण्याच्या मुलानं निवड करताना तो फोटो बाजूला ठेवला. त्याचंही चुकलं नाही म्हणा. फोटोत काहीच नाही: माती, थोडं गवत, उन्हानं धुतलेलं आभाळ. पण तीन फोटो एकाखाली एक लावले की माझ्या अंगावर काटा येतो. शिबिरातला सगळ्यात चांगला फोटो कुठला असं मला विचाराल तर मी हाच सांगेन, आणि त्यावर कुणाशीही भांडेन.

दुसरी एक, वयानं तिशीच्या आतली, दरवर्षी ऊसतोडीला जाणारी. तिनं मुकादमाच्या वहीच्या पानाचा फोटो काढून आणला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. हंगामाआधी मुकादम, म्हणजे मजुरांची टोळी नेणारा, कोयत्यामागं उचल म्हणून आगाऊ पैसे देतो आणि ती पुढं तोडलेल्या उसातून फिटते. उचल घेताना बोलणी होतात पुरुषांची, सही पुरुषाची, पैसा पुरुषाच्या हातात. बाई पहाटे उठून कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, भाकरी थापते, फडात नवऱ्याबरोबरीनं तोडते, मोळ्या डोक्यावरून गाडीत चढवते, आजारी पडली की खाड्याचे पैसे कापले जातात. वहीत मात्र ती कुठंच नाही. वहीत आहे एक कोयता. विधवा झाली की अर्धा होतो, मग भाऊ नाहीतर हाताशी आलेला पोरगा जोडीला घ्यायचा.

तर त्या वहीचं पान. मुकादम घरी आला होता, वही बाजेवर ठेवून चहा घेत होता, हिनं ‘पोरीला फोटू काढून दाखवते’ म्हणत दोन-तीन काढले, त्यात एक वहीचा. तिला अक्षर लावून वाचावं लागतं. आठवीतल्या पोरीनं रात्री फोन मोठा करून करून वाचून दाखवलं. आम्ही सगळे मुकादमाची लबाडी सापडणार म्हणून कान टवकारून बसलो होतो. तशी काही निघाली नाही. निघाली ती नवऱ्याची. घरात सांगितली होती त्याहून बरीच जास्त उचल त्यानं घेतली होती. म्हणजे ती कशासाठी राबतेय हे तिला हिशेबानं पहिल्यांदा कळलं. हा फोटो तिनं कुणाला दाखवू दिला नाही. पुसलाही नाही.

आणखी एकीनं आपलं डिस्चार्ज कार्ड टिपलं. पिशवी काढल्याचं. आधी म्हणत होती पोटावरच्या टाक्यांचा काढते, मग म्हणाली, कागदाचाच बरा. कागद नवऱ्याच्या पेटीत असतो. २०१९ मध्ये राज्य सरकारनं नेमलेल्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यात १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. त्या वेळी पत्रकार आले, पुढारी आले, बायका रांगेनं बसल्या, फोटो निघाले. या बाईचं म्हणणं एवढंच होतं की, उद्या कुणी विचारलं कुठं केलं, कधी केलं, तर कागद आपल्याजवळ असावा. पेटीची किल्ली मागायला लागू नये.

बाईचा फोटो काढायचा म्हणजे काय, यावर आपल्या मुलखात विचार झालेला आहे, फार जुना. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत खास जनाना स्टुडिओ काढला. पडदानशीन बायकांचे फोटो बायकांनीच काढायचे, पुरुषाची सावली पडायला नको अशी सगळी व्यवस्था. देखरेखीला एक इंग्रज बाई होती. स्वतःचा फोटो कोण काढणार आणि कोण बघणार हे त्या खानदानी बायकांना ठरवता येत होतं, निदान त्यांच्या घराला तरी. आणि याच दीनदयाळांच्या स्टुडिओनं १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळात औरंगाबादेकडच्या मदतछावणीतल्या माणसांचे फोटो काढले. बरगड्या मोजता येतील अशी माणसं ओळीत बसवलेली, अंगावर लंगोटीपुरतं फडकं. त्यांना पडदा कुठला. नावं नाहीत, गावं नाहीत, फक्त ‘दुष्काळग्रस्त’. कॅमेरा एकाच मालकाचा. एकीकडे नकार द्यायची सोय होती आणि दुसरीकडे नव्हती, हाच काय तो फरक.

तो फरक अजून तसाच आहे असं मला वाटतं. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा देशभरातले कॅमेरे लातुरात होते. शिबिरातली एक काकू त्या वेळी लातुरात धुण्याभांड्याची कामं करायच्या. ‘घागरीच्या लाइनीत हुभी होते, लई जणांनी काढले की. माझा फोटू कुठंतरी असंल,’ त्या म्हणाल्या. ‘म्या काही बघितला नाही.’

मग शेजारचं पस्तापूर आठवतं. आपल्या लातूर-उदगीरकडून बिदर ओलांडलं की तेलंगणातलं जहीराबाद, तिथलं हे गाव, जुना मुलूख एकच. तिथल्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संघमांमधल्या, म्हणजे गावोगावच्या बायकांच्या गटांमधल्या, दलित शेतकरी बायका व्हिडिओ शिकल्या. अक्षर न येणाऱ्या बायका. त्यांनी कॅमेऱ्याच्या कोनांना आपापली नावं दिली. वरून खाली बघणारा तो पटेल शॉट, कारण गावचा पटेल असाच बघतो. खालून वर बघणारा तो गुलामाचा शॉट. आणि डोळ्याला डोळा देणारा तो संघम शॉट, कारण संघमात सगळ्या जमिनीवर बसतात. अहमदाबादेत ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेनं तर १९८४ मध्येच भाजीवाल्या, विडीवाल्या बायकांना व्हिडिओ शिकवला. चीनच्या युन्नान प्रांतात १९९० च्या दशकात कॅरोलिन वांग आणि मेरी ॲन बरिस यांनी खेड्यातल्या बायकांना कॅमेरे दिले, त्यातून पुढं ‘फोटोव्हॉइस’ नावाची पद्धत जगभर गेली. या पद्धतीविषयी आपल्याकडे बोलताना लोक ‘अभिव्यक्ती’, ‘आत्मविश्वास’ असं बरंच बोलतात. युन्नानच्या बायकांचे फोटो मुळात अधिकाऱ्यांपुढं ठेवण्यासाठी होते. हे इथं असं आहे, बघा, आणि काय करता ते सांगा, यासाठी.

आत्मविश्वास वाढला का, असं मला पुण्यामुंबईच्या मैत्रिणी विचारतात. वाढला असेल. मला तो मोजायचा कसा ते कळत नाही. पण या बायकांनी फोटोकडे पुरावा म्हणून पाहिलं याचं मला जराही नवल वाटलं नाही. त्यांना हे सरकारनंच शिकवलंय. २०२३ पासून रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो ॲपवर चढवायचा नियम आला. नेट गेलं की फोटो नाही, फोटो नाही की हजेरी नाही. घरकुलाचा हप्ता हवा तर पायाचा फोटो, मग भिंतींचा, मग छताचा, जागेच्या खुणेसह. २०२४ मध्ये लाडकी बहीण आली तर फॉर्म भरताना बाईचा जागेवरचा फोटो. म्हणजे तू आहेस, तू कामावर आहेस, तुझं घर आहे, हे सगळं फोटोशिवाय कुणी मानत नाही. मग बाईनं कॅमेरा हातात आल्यावर बांधाचा फोटो काढला तर त्यात कलेची काय कमतरता राहिली?

गंमत म्हणजे ग्रामसेवक आणि ठेकेदार वापरतात ते, फोटोखाली तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांश छापणारं ॲप बायकांनी स्वतःहून मागून घेतलं. गावात रस्त्याचं काम झालं होतं, ठेकेदाराचा पोरगा तसले फोटो काढताना त्यांनी पाहिला होता. ‘त्येच्या फोटूखाली छापून येतं तसं आमच्या बी यायला पायजे.’ पुण्याच्या मुलाला ते बघवेना, फोटोची चौकट बिघडते म्हणाला. बायका म्हणाल्या, बिघडू दे.

मात्र दुसऱ्याचा फोटो काढताना त्यांचे नियम आमच्यापेक्षा कडक निघाले. विचारल्याशिवाय कुणाचं तोंड घ्यायचं नाही. अंघोळीच्या जागेकडे, उघड्यावर बसायच्या वाटेकडे कॅमेरा फिरवायचा नाही. मारहाणीचे वळ काढायचे तर त्या बाईच्याच फोनवर काढायचे, आपल्या नाही. रडत असलेल्या बाईचा काढायचा नाही, मग ती हो म्हणाली तरी. या शेवटच्या नियमावर मी वाद घातला. ती हो म्हणत असेल तर आपण कोण ठरवणारे? एक जण म्हणाली, ‘रडताना माणूस कायला बी व्हय म्हणतंय.’ तिच्या नवऱ्याच्या वेळी वार्ताहर आला होता हे मला नंतर कळलं.

पुढच्या नांगरटीनंतर, शिबिराचं काम आवरताना, गावात प्रदर्शन लावायचं ठरलं. मारुतीच्या पारावर लावा, असं सरपंचांचं म्हणणं. पारावर बायका मुळातच चढत नाहीत, त्यातून निम्म्या बायका दलित वस्तीवरच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत लावलं. व्हरांड्यात सुतळी बांधून चिमट्यांना फोटो. कुठले लावायचे ते ज्याच्या त्याच्यावर. पुरुष येणार नाहीत असं वाटत होतं, तर सगळ्यात आधी तेच आले, आपल्या घरचं काय टांगलंय ते बघायला.

मावशींचा दीर आला. तीन फोटोंपुढं बराच वेळ उभा राहिला. मग आजूबाजूला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, ‘हे जुने फोटू हायत. कव्हाचे काय माहीत.’ मावशींनी पदर पुढं ओढला. त्या या दिरासमोर कधी मोठ्यानं बोललेल्या नाहीत. बोलल्या तेव्हाही आवाज तेवढाच होता.

‘खाली तारीख हाय, भाऊजी.’

दीर वाचायला वाकला नाही. शाळेतल्या एका पोरानं मात्र तिन्ही तारखा मोठ्यानं वाचल्या, त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

यातून बांध मागं सरकला असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. फोटोनं बांध सरकत नाही. त्याला भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी लागते, अर्ज लागतो, फी लागते, लगतच्या खातेदारांना नोटिसा जातात. उद्या कोर्टाची पायरी चढावी लागली तर मोबाइलमधल्या फोटोला १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, तसा तो आपोआप पुरावा होत नाही. हे मी मावशींना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मग मोजणीचा फारम कुठं भेटतो?’ शेजारणीकडून उसने घेऊन त्यांनी फी भरली. इतकी वर्षं का नाही भरली असं कुणीतरी विचारलंच. ‘मलाच वाटायचं, माझीच नजर फिरली असंल,’ असं त्यांनी उत्तर दिलं. लोक रोज सांगत राहिले की बांध तिथंच आहे, तर माणूस स्वतःच्या डोळ्यावरचा भरवसा घालवून बसतो. बाभळीनं तो त्यांना परत दिला. याला सबलीकरण म्हणायचं असेल तर म्हणा.

फोन गोळा करून परत न्यायचे की बायकांकडे ठेवायचे यावर संस्थेत बराच खल झाला. ठेवले ते बरं केलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, ग्रामीण भागातल्या निम्म्याहून कमी बायकांकडे स्वतः वापरता येईल असा मोबाइल होता. घरात मोबाइल असतो, पण तो पोराचा. एकीच्या पोरानं गेमसाठी जागा व्हावी म्हणून तिचे सगळे फोटो पुसून टाकले. तिनं त्याला चांगला धपाटा घातला आणि दुसऱ्याच दिवशी मेमरी कार्ड काढून चंचीत, सुपारी-चुन्याशेजारी प्लास्टिकच्या पुडीत ठेवलं. आता फोटो काढायचा असला की ती चंची उघडते, कार्ड घालते, फोटो काढते, कार्ड पुन्हा चंचीत.

डिस्चार्ज कार्डवाली आता गावात पासपोर्ट फोटो काढून देते. भिंतीला पांढरी चादर, समोर स्टूल. फोटो फोनवरून आमच्या भावाला पाठवते, तो प्रिंट काढून बाजाराच्या दिवशी जीपवाल्याबरोबर धाडतो. लाडक्या बहिणीच्या फॉर्मांच्या दिवसांत तर तिच्या अंगणात रांग लागली होती. बायका तिच्यापुढं मोकळ्या बसतात, बाहेरून ‘मान सरळ कर’ म्हणणारा कुणी नसतो. भाव ठरलेला आहे, उधारी नाही. भाऊ म्हणतो, ती माझ्याहून चांगला उजेड धरते. तो सहसा कुणाला चांगलं म्हणत नाही.

पुण्यात मोठं प्रदर्शन करायचं चाललंय. मुलाचा फोन आला होता, त्यानं निवड पाठवली. यावेळी बांधाचे तिन्ही फोटो त्यात आहेत, तारखांसकट. बायकांनी कळवलंय की फोटो विकले गेले तर पैसे जिचे तिला, आणि खाली नाव टाकायचं की नाही हे प्रत्येक जण वेगळं सांगेल. एक-दोघींनी आपले फोटो द्यायचे नाहीत असं सांगितलं, कारण दिलं नाही. वहीचं पान अर्थातच यादीत नाही.

मावशींच्या मोजणीची तारीख लागली आहे. दीर त्या दिवशी गावात नसणार अशी कुणकुण आहे, पण नोटीस पोचली असेल तर मोजणी थांबत नाही. तिघी जणी सोबत जाणार आहेत. एकीनं बाभळीपासून फोटो घ्यायचा, दुसरीनं खुणा रोवताना, तिसरीनं पंचनाम्याच्या कागदाचा. मोजणीदार त्याचं यंत्र घेऊन उभा असेल त्याचाही घ्यायचा, यावर एकमत आहे. त्याला आधी विचारायचं का, यावर नाही. एक म्हणते, नियम म्हणजे नियम, त्यालाही तोंड आहे. दुसरी म्हणते, सरकारी माणसाला कामून विचारायचं, तो आपल्याला विचारून काढतो का? काल रात्री मला दोघींचे वेगवेगळे फोन येऊन गेले.